लिअर, रॉबिन हूड आणि वर्धेकाठची रुक्मिणी

आर्वीहून पश्चिमेकडे निघाले की वर्धा नदी आडवी येते. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, अमरावतीचा तिवसा तालुका सुरू होतो आणि काठावरच कौंडिण्यपूर लागते. विदर्भराज भीष्मकाची ही राजधानी, रुक्मिणीचे हे माहेर, आणि इथल्याच अंबिकेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने रथात घेतले, अशी या परिसराची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. नलराजाची दमयंतीही याच कुंडिनपुराची. १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन झाले, तेव्हा महापाषाणयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. रुक्मिणीचा पुरावा अर्थातच मिळाला नाही. तो मिळायचाही नव्हता. पण गाव फार जुने आहे, एवढे मात्र मातीने कबूल केले.

रुक्मिणीहरणाची जागा सांगणारे हे एकच ठिकाण नाही. अमरावती शहरातल्या अंबादेवीच्या भक्तांच्या मते हरण झाले ते त्यांच्या देवळातून. कौंडिण्यपुरापासून अंबादेवीपर्यंत भुयार होते, असे सांगून दोन्ही दावे जुळवून घेण्याची युक्तीही लोकांनीच शोधून काढली आहे. तिकडे अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी समाज रुक्मिणीला आपली लेक मानतो आणि भीष्मकनगरचे अवशेष दाखवतो. गुजरातच्या किनाऱ्यावरील माधवपुरात तिच्या लग्नाची जत्रा भरते. मराठी कवींनी तर ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली. महानुभाव कवी नरेंद्राने ती तेराव्या शतकाच्या अखेरीस सांगितली, एकनाथांनी १५७१ साली काशीत बसून सांगितली. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची पारायणे लग्न जमावे म्हणून उपवर मुली आजही करतात. नरेंद्राविषयी महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त एक मार्मिक आठवण आहे. देवगिरीच्या रामदेवरायाला हे काव्य इतके आवडले, की प्रत्येक ओवीमागे सोन्याचे नाणे घ्या, पण काव्यावर माझे नाव घाला, असे त्याने सुचवले. कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने नकार दिला. कथा कोणाची, हा प्रश्न तेव्हाही होताच.

मग चित्रपट आला. कलकत्त्याच्या मादन कंपनीने १९२० साली इटालियन दिग्दर्शक युजेनिओ द लिग्वोरो यांच्याकडून ‘नल दमयंती’ करवून घेतला आणि विदर्भाची राजकन्या पेशन्स कूपर या अभिनेत्रीच्या रूपाने पडद्यावर आली. दादासाहेब फाळक्यांनी १९२७ साली ‘रुक्मिणीहरण’ केला, तर बाबूराव पेंटरांचा ‘रुक्मिणी स्वयंवर’ १९४६ चा. कीर्तनकाराला जे कधी करावे लागत नाही ते चित्रपटकर्त्याला करावे लागते. कीर्तनकार ‘कोणी असेही सांगतात’ म्हणून दोन्ही देवळांचा मान राखू शकतो. कॅमेऱ्याला ‘कोणी असेही सांगतात’ हे म्हणता येत नाही. देऊळ एकच दाखवावे लागते, रुक्मिणीला एकच चेहरा द्यावा लागतो, रथ डावीकडून आला की उजवीकडून हेही ठरवावे लागते. दंतकथा जगते ती अनेक तोंडांनी. चित्रपट मात्र एका वेळी एकाच तोंडाने बोलतो. दंतकथांवरील चित्रपटांविषयी होणाऱ्या बहुतेक सगळ्या वादांचे मूळ इथे आहे.

हा अनुभव ज्या कथांनी सर्वांत जास्त वेळा घेतला, त्या म्हणजे मध्ययुगीन ब्रिटनच्या दंतकथा. राजा आर्थर, रॉबिन हूड, लिअर यांच्यावर मूकपटांच्या काळापासून शंभराहून अधिक वर्षे चित्रपट निघत आहेत. त्यांतला लिअर तर मराठी माणसाच्या घरात इतका मिसळून गेला, की तो परका होता याचा विसर पडावा.

लिअरची ओळख आपल्याला शेक्सपिअरमुळे होते, पण तो शेक्सपिअरचा नव्हे. मॉन्मथचा जेफ्री या धर्मोपदेशकाने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा ‘इतिहास’ लिहिला. इतिहास हा शब्द अवतरणातच ठेवलेला बरा, कारण त्यातला बराच भाग कल्पनेचा आहे. त्या ग्रंथात लेस्टर नगर वसवणारा लेअर नावाचा राजा येतो. त्याला तीन मुली. म्हातारपणी राज्य वाटून देण्यापूर्वी तो त्यांना विचारतो, माझ्यावर तुमचे किती प्रेम आहे? थोरल्या दोघी शब्दांचे डोंगर उभे करतात. धाकटी खरे तेवढेच बोलते आणि बापाच्या मनातून उतरते. पुढे थोरल्या मुली आणि जावई म्हाताऱ्याचे हाल करतात. तो समुद्रापलीकडे धाकटीकडे जातो आणि ती त्याला जवळ करते.

येथवरची कथा प्रत्येकाला ठाऊक असते. पण जेफ्रीच्या ग्रंथात पुढे धाकटीच्या सासरचे सैन्य येते, लेअर लढाई जिंकतो, राज्य परत मिळवतो, तीन वर्षे सुखाने राज्य करतो आणि मग मरतो. धाकटी त्याला सोअर नदीखालच्या भुयारी दालनात पुरते आणि स्वतः गादीवर बसते. तिची शोकांतिका नंतरची आहे. भाचे बंड करून तिला कैदेत टाकतात आणि ती तिथे जीव देते. म्हणजे मूळ दंतकथेतला बाप सुखाने गेला. त्याला वादळात, वेड्या अवस्थेत, मुलीचे प्रेत हातांत घेऊन मरायला लावले ते शेक्सपिअरने, १६०५-०६ च्या सुमारास. त्याच्या आधी लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या जुन्या लेअर नाटकाचा शेवटही गोडच होता. प्रेक्षक ओळखीची सुखान्त कथा पाहायला आले असतील आणि त्यांच्यासमोर हे घडले असेल, तेव्हाचा धक्का आज कल्पनेनेच जाणावा लागतो.

लोकांना तो शेवट सोसला नाही. नेहम टेट या कवीने १६८१ साली शेक्सपिअरचे नाटक ‘सुधारले’. विदूषक काढून टाकला, लिअरला पुन्हा सिंहासनावर बसवले, कॉर्डेलियाचे लग्न लावून दिले. ही सुधारलेली आवृत्ती इंग्रजी रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे चालली. १८३८ साली नट मॅक्रेडीने शेक्सपिअरची संहिता, विदूषकासह, रंगमंचावर परत आणली. मराठी रसिकांनी यावर हसू नये. आपल्याही संगीत नाटकांच्या प्रेक्षकांना भरतवाक्याआधी सगळे गोड झालेले लागत असे. येथे मुद्दा वेगळा आहे. ‘मूळ’ लिअर कोणता? जेफ्रीचा सुखान्त, शेक्सपिअरचा शोकान्त, की दीडशे वर्षे लोकांनी प्रत्यक्षात पाहिलेला टेटचा? शिवाय जेफ्रीच्याही आधी ही कथा लोककथा म्हणून हिंडत असावी. ‘मिठाइतके प्रेम’ असे उत्तर देणारी राजकन्या युरोपभर आढळते. भारतात ती थोडी वेगळी बोलते. कोणाच्या नशिबाचे खाता, असे राजा विचारतो आणि धाकटी म्हणते, माझ्या स्वतःच्या. आजीच्या तोंडून ही गोष्ट न ऐकलेले मराठी घर विरळाच. शेक्सपिअर येथे पोचण्याआधीच लिअरची धाकटी आपल्या ओसरीवर बसलेली होती.

चित्रपटाने लिअरला १९०९ सालीच हात घातला. तेव्हा पडदा मुका होता, म्हणजे शब्दांसाठी प्रसिद्ध असलेले नाटक शब्दांशिवाय दाखवण्याचा हा उद्योग. खरी मोठी कामगिरी १९७१ साली, एकाच वर्षी दोनदा झाली. पीटर ब्रुक यांनी पॉल स्कोफिल्डना घेऊन डेन्मार्कमधील जटलँडच्या गारठ्यात कृष्णधवल चित्रपट केला. त्यात माणसे आणि माळ सारखेच उजाड दिसतात. सोव्हिएत रशियात ग्रिगोरी कोझिंत्सेव्ह यांनी पास्तरनाकचा अनुवाद आणि शोस्ताकोविचचे संगीत घेऊन दुसरा लिअर केला. त्यात राजाभोवती सतत रयत दिसते. भिकारी, निर्वासित, जळालेल्या घरांतले लोक. राजाचे दुःख एकट्याचे राहत नाही. १९८५ साली अकिरा कुरोसावा यांनी ‘रान’मध्ये मुलींच्या जागी मुलगे घातले, जपानी सरदार मोरी मोतोनारी आणि त्याच्या तीन मुलांच्या आख्यायिकेशी कथा जोडली, आणि शेक्सपिअरने न विचारलेला प्रश्न विचारला. या म्हाताऱ्याने हे राज्य मिळवले कसे? उत्तर भयंकर आहे. गावे जाळून, नातलगांना संपवून. त्यामुळे ‘रान’मधील हिदेतोराची दैना पाहताना दया येते, पण ती निखळ राहत नाही. तीन चित्रपटांपैकी कुरोसावाच मूळ कथेपासून सर्वांत दूर गेले, आणि अनेक जाणकारांच्या मते लिअरच्या सर्वांत जवळही तेच पोचले.

मराठीत हे काम आधी रंगभूमीने केले. ब्रिटिश दंतकथा मराठीत आणण्याची वाट तशी जुनी. जेफ्रीच्या ग्रंथातलाच आणखी एक राजा शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’मध्ये येतो आणि त्या नाटकाचे ‘तारा’ हे रूपांतर विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी १८७९ साली केले. हे महाजनी वऱ्हाडात शिक्षणखात्यात अधिकारपदावर होते, ही गोष्ट विदर्भात फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. शि. म. परांजपे यांनी स्कॉटलंडच्या मॅकबेथचा ‘मानाजीराव’ केला. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’चा नेकीने अनुवाद केला. पण लिअरला मराठी माणूस केले ते वि. वा. शिरवाडकरांनी, अनुवाद न करता.

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये झाला. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आणि गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंचे. शिरवाडकरांनी केलेले बदल पाहिले की रूपांतर कशाला म्हणतात ते कळते. राजाच्या जागी नट आला. नटाचे राज्य टाळ्यांचे. ते पडदा पडला की संपते, म्हणून राज्य सोडण्याची गरजच नसलेल्या राजापेक्षा निवृत्त नट जास्त केविलवाणा. तीन मुलींच्या जागी एक मुलगा, एक मुलगी. याचा अर्थ कॉर्डेलिया गेली. ज्या धाकटीसाठी ही दंतकथा आठशे वर्षे सांगितली गेली, तीच शिरवाडकरांनी काढून टाकली, आणि म्हाताऱ्याला क्षमा करायला, कुशीत घ्यायला घरात कोणीच उरले नाही. त्याच्या बदल्यात त्यांनी एक व्यक्ती दिली, जी शेक्सपिअरकडे नाही. लिअरची राणी त्या नाटकात कुठेच दिसत नाही. शिरवाडकरांनी ती शोधून आणली आणि तिचे नाव कावेरी ठेवले. मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षक बेलवलकरांसाठी जितका रडला, तितकाच या बाईसाठी रडला.

आणि वादळ? ब्रिटनच्या उघड्या माळावरचे वादळ शहराच्या फुटपाथवर आले. लिअर आकाशाला शिव्या देतो. बेलवलकर राहायला जागा मागतात. ते स्वगत शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गणेशोत्सवाच्या एकपात्री स्पर्धेपर्यंत कितीदा ऐकले गेले याची मोजदाद नाही. सिंहासन गमावण्याचे दुःख मराठी माणसाला ऐकीव; घर गमावण्याची भीती मात्र त्याच्या अंगावरची. १९७०च्या दशकात भविष्यनिर्वाह निधी मुलाच्या फ्लॅटसाठी मोडणारे वडील घरोघर होते. दंतकथेचा गाभा कोणता आणि कवच कोणते हे शिरवाडकरांना अचूक उमगले होते. ‘गणपतराव’ हे नाव ऐकताच हॅम्लेट गाजवणारे गणपतराव जोशी जुन्या रसिकांना आठवत असत, तेही फुकट गेले नाही. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी पुढे ही भूमिका केली. प्रत्येकाचा बेलवलकर निराळा. हे रंगभूमीचे भाग्य.

१ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकर यांचा ‘नटसम्राट’ प्रदर्शित झाला. बेलवलकर नाना पाटेकर, कावेरी मेधा मांजरेकर. ज्यांनी लागूंना पाहिले होते त्यांची तक्रार होणारच होती, आणि झाली. पण चित्रपट कुठे बदलला हे पाहणे तक्रारीपेक्षा उपयोगाचे. विक्रम गोखले यांनी साकारलेल्या रामभाऊ या नटमित्राला चित्रपटाने मोठी जागा दिली. दोन म्हातारे नट एकमेकांसमोर बसून आयुष्याचा हिशेब मांडतात, ते प्रसंग चित्रपटातले सर्वांत जिवंत प्रसंग ठरले. कारण साधे आहे. रंगमंचावर स्वगत चालते. नट प्रेक्षकांकडे पाहून बोलतो. पडद्यावर माणूस एकटाच बोलत राहिला तर ते खटकते. त्याला ऐकणारा कोणीतरी लागतो. शेक्सपिअरच्या लिअरला विदूषक होता, तो शिरवाडकरांनी वगळला होता. मांजरेकरांच्या चित्रपटात तो एका परीने रामभाऊंच्या रूपाने परत आला. पुढे २०१८ मध्ये ‘नटसम्राट’ गुजरातीत गेला आणि २०२३ मध्ये कृष्ण वंशी यांच्या ‘रंगमार्तांड’मधून तेलुगूत, प्रकाश राज यांच्याबरोबर. लेस्टरच्या नदीखाली पुरलेला राजा हैदराबादला पोचला.

रॉबिन हूडची गंमत निराळी. तेथे चित्रपटांनी दंतकथा बदललीच, शिवाय बदललेले भाग लोकांनी ‘प्राचीन’ म्हणून स्वीकारले. रॉबिनच्या गाण्यांचा पहिला उल्लेख १३७७ च्या सुमाराच्या एका इंग्रजी काव्यात येतो. जुन्या पोवाड्यांतला रॉबिन हा सरदार नाही. तो साधा, स्वतंत्र शेतकरी वर्गातला माणूस आहे. त्याचे जंगल बहुतेक वेळा यॉर्कशायरमधले बार्न्सडेल, शेरवुड नव्हे. राजाचे नाव एडवर्ड. मॅरियन नाहीच, ती वसंतोत्सवातल्या खेळांमधून नंतर त्याच्या आयुष्यात आली. सिंहहृदयी रिचर्डचा काळ त्याला १५२१ मध्ये एका स्कॉटिश इतिहासकाराने दिला, उमरावपद १५९८ मध्ये एका नाटककाराने, आणि सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हे वैर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’ने. लहानपणी ज्या गोष्टी आपण ‘खरा रॉबिन हूड’ म्हणून वाचल्या, त्यांतल्या बहुतेक साऱ्या अशा जोडलेल्या.

डग्लस फेअरबँक्स यांचा १९२२ चा मूकपट प्रचंड किल्ल्याच्या देखाव्यासाठी गाजला. फेअरबँक्स हे नाव तेव्हा मुंबईतही घरोघर होते. त्यांच्या ‘थीफ ऑफ बगदाद’च्या लोकप्रियतेची नोंद १९२७-२८ च्या सिनेमा चौकशी समितीने केली, आणि तलवारबाजीच्या मूकपटांतल्या मास्टर विठ्ठल यांना ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हटले गेले. पुढे ‘आलम आरा’चे नायक झाले ते हेच. १९३८ मध्ये एरॉल फ्लिनने हिरवा पोशाख घालून टेक्निकलरमध्ये जो रॉबिन उभा केला, तो आजही जगाच्या डोळ्यांसमोर आहे. १९७६ च्या ‘रॉबिन अँड मॅरियन’मध्ये शॉन कॉनरी आणि ऑड्री हेपबर्न यांनी म्हातारा रॉबिन आणि जोगीण झालेली मॅरियन दाखवली. दंतकथेतली माणसे म्हातारी होतात, हे सांगायला चित्रपटाला अर्धे शतक लागले.

पण सर्वांत बोलके उदाहरण आहे ते रॉबिनच्या मुस्लिम साथीदाराचे. जुन्या कोणत्याही पोवाड्यात असा माणूस नाही. १९८४ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ मालिकेत नासीर नावाचे अरब पात्र आले आणि टोळीत राहिले. १९९१ च्या ‘प्रिन्स ऑफ थीव्ह्ज’ चित्रपटात केव्हिन कॉस्नरच्या रॉबिनबरोबर मॉर्गन फ्रीमनचा अझीम आला. त्यानंतर २००६ च्या बीबीसी मालिकेत जॅक नावाची अरब युवती, २०१८ च्या चित्रपटात जेमी फॉक्स. सात-आठ शतकांच्या कथेत चाळीस वर्षांपूर्वी शिरलेला माणूस आता काढता येत नाही, कारण आजच्या ब्रिटनला आपल्या टोळीत तो हवा आहे. ही भेसळ म्हणायची की दंतकथेची नेहमीची वाढ? मॅरियनही अशीच एकदा बाहेरून आली होती.

आर्थरविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण तत्त्व तेच. नवव्या शतकातल्या ग्रंथात तो बारा लढाया जिंकणारा सेनानी आहे; गोलमेज, लान्सलॉट, पवित्र पात्राचा शोध हे सगळे पुढे फ्रेंच कवींनी घातलेले आणि मॅलरीच्या १४८५ साली छापलेल्या ग्रंथात एकत्र बांधलेले. जॉन बूरमन यांच्या १९८१ च्या ‘एक्सकॅलिबर’ने हे सारे स्वप्नासारखे दाखवले. २००४ च्या ‘किंग आर्थर’ने मात्र सुरुवातीलाच पुरातत्त्वाच्या पुराव्याचा हवाला देऊन आपण ‘खरा’ आर्थर दाखवत असल्याचा आव आणला, आणि तो चित्रपट सर्वांत लवकर जुना झाला. १९७५ च्या माँटी पायथन मंडळींकडे घोड्यांसाठी पैसे नव्हते. त्यांनी नारळाच्या करवंट्या वाजवत राजाला पायीच पळवले. तो विनोद अजून शिळा झालेला नाही. अलीकडचा, २०२१ चा ‘द ग्रीन नाइट’ चौदाव्या शतकातल्या एका अनामिक कवीच्या काव्यावर आहे. त्यात आर्थरचा भाचा गवेन झाला आहे भारतीय वंशाचा देव पटेल. मूळ काव्यात गवेन जिवंत परततो आणि दरबार हसतो; चित्रपट मात्र त्याचे पुढे काय होते हे न दाखवताच थांबतो.

महाराष्ट्रात असे स्वातंत्र्य घेणे अवघड, आणि दिवसेंदिवस अधिक अवघड होते आहे. तानाजीची कथा घ्या. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात जिजाऊ खेळाच्या डावात कोंढाणा मागतात, आणि यशवंती घोरपड कडा चढते. ह. ना. आपट्यांनी १९०३ साली त्यावर कादंबरी लिहिली. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ केला, त्यात तरुण व्ही. शांताराम शेलारमामा होते. त्याच शांतारामांनी १९३३ साली प्रभातसाठी बोलका ‘सिंहगड’ केला. तानाजी पडल्यावर गडाला नवे नाव मिळाले, असे शाळेतही सांगितले जाई. पण १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही सिंहगड हे नाव आढळते. इतिहासकारांनी हे केव्हाच दाखवले, तरी आख्यायिका हलली नाही. हलायचे तिला कारणही नाही. २०२० च्या ‘तान्हाजी’त ओम राऊत यांनी उदयभानाला ‘नागिन’ नावाची अवाढव्य तोफ दिली. दोन पिढ्यांनी ती तोफही सिंहगडावर शोधणारे पर्यटक येतील.

फरक असा, की रॉबिन हूडचे चित्रपट इतके झाले की त्यांतल्या एकालाही ‘अधिकृत’ होता आले नाही. आपल्याकडे प्रत्येक नव्या चित्रपटाकडून तो शेवटचा शब्द असावा अशी अपेक्षा केली जाते, आणि मग भांडण अटळ होते. मलिक मुहम्मद जायसीने चितोडच्या १३०३ च्या वेढ्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, १५४० साली, ‘पद्मावत’ हे काव्य रचले. पेंटरांनी १९२४ साली ‘सती पद्मिनी’ केला होता. संजय लीला भन्साळी यांच्या चित्रपटाला मात्र २०१८ साली नाव बदलूनच प्रदर्शित व्हावे लागले. २०२२ साली ठाण्यात एका शिवकालीन मराठी चित्रपटाचा खेळ बंद पाडला गेला. चित्रपट चांगला की वाईट, हा प्रश्न बाजूलाच राहिला. दंतकथेच्या दुसऱ्या रूपाला जागाच नाही असे ठरले, की दिग्दर्शकापुढे दोनच मार्ग उरतात. एक, सर्वांना मान्य असलेले तेच पुन्हा सांगायचे. दुसरा, ती कथा सोडून द्यायची.

सोडून दिलेल्या कथांमध्ये आर्वीची स्वतःची कथाही आहे. १९०८ च्या सुमाराच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये आर्वीविषयी लिहिताना तेलंगराव वली यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी हे गाव वसवले असे सांगितले जाते, अशी नोंद आहे. त्यांच्या नावावरून गावाला ‘आर्वी तेलंगराव’ही म्हणत. हे तेलंगराव कोण? हिंदू म्हणतात ते ब्राह्मण होते, मुसलमान म्हणतात ते मुसलमान होते, आणि दोघेही त्यांच्या समाधीला जातात, इतके लिहून गॅझेटियरचा लेखक पुढच्या माहितीकडे वळतो. निवाडा करायची त्याला गरज वाटली नाही. ‘वली’ आणि ‘राव’ हे दोन्ही शब्द एकाच नावात तेव्हाही सुखाने नांदत होते.

या कथेवर कोणी चित्रपट काढायचा म्हटले तर अडचण पहिल्याच दृश्यात येईल. घोड्यावरून उतरणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर कोणता पोशाख घालायचा, कपाळावर गंध लावायचे की नाही, त्याच्या तोंडी पहिला शब्द कोणता द्यायचा? पटकथेच्या कागदावर दोन्ही शक्यता लिहिता येतात, वेशभूषाकाराला मात्र एकच शिवावी लागते. कुरोसावांनी ‘राशोमोन’मध्ये एकच घटना चौघांच्या तोंडून चार वेळा दाखवली होती; ती रीत येथे वापरता येईल. ‘ग्रीन नाइट’सारखे चेहरा दिसण्याआधीच थांबताही येईल. आणि तिसरा एक मार्ग शिरवाडकरांचा आहे. राजाच राहू द्यायचा नाही, त्याला आजच्या एखाद्या माणसाच्या रूपात, आर्वीच्या कापूस बाजारात उभे करायचे.